छतातून उतरलेला उजेड

बाहेर ऊन रणरणत असतं आणि आपल्या कचेऱ्यांमध्ये भर दुपारी दिवे जळत असतात. खिडकीच्या माथ्याची जमिनीपासून जेवढी उंची, त्याच्या फार तर दुप्पट अंतरापर्यंतच उजेड कामाचा राहतो. माथा सात फुटांवर असेल, तर चौदा-पंधरा फुटांपलीकडच्या टेबलांना दिवस काय आणि रात्र काय, सारखीच. बरं, खिडकीशी बसलेले साहेब डोळ्यांवर चकाकी येते म्हणून पडदा ओढून घेतात, ते वेगळंच.

आपल्याकडे वरून उजेड घ्यायची रीत जुनी आहे. माळवदाला साणं असायचं, कोकणात नळ्याच्या छपरात एखादं काचेचं कौल बसवायचे, गिरणगावातली दातेरी छपरं उत्तरेचा उजेड घ्यायची. सिमेंटच्या स्लॅबनं हे सगळं बुजवलं. स्लॅब फोडून मोठी काच बसवावी, तर उजेडाबरोबर उकाडाही आत येतो.

इथे प्रकाशनळी उपयोगी पडते. आजच्या रूपातली ही नळी १९८०च्या दशकात ऑस्ट्रेलियात आकाराला आली. गच्चीवर पारदर्शक प्लॅस्टिकचा छोटा घुमट, त्याखाली आतून आरशासारखी लखलखीत धातूची नळी आणि खोलीच्या छताला उजेड पसरवणारी दुधी तबकडी. वायर नाही की मोटर नाही. सगळी करामत आतल्या लकाकीची. तिरपा किरण नळीत आपटत आपटत खाली येतो. दर आपटीला शंभरातले पंच्याण्णव भाग टिकले, तर वीस आपट्यांनंतर जेमतेम ३६ उरतात. नव्व्याण्णव टिकले, तर ८२. म्हणून स्वस्तातली नळी घेऊन भागत नाही.

आता बिलाचा हिशेब. दुपारच्या उन्हाचा प्रखरपणा साधारण १ लाख लक्स. ३५ सेंटिमीटर व्यासाच्या घुमटावर त्यातले सुमारे साडेनऊ हजार ल्युमेन पडतात. निम्मे खाली पोचले, तरी २० वॉटच्या दोन एलईडी ट्यूबची बरोबरी झाली. म्हणजे वाचले ४० वॉट! रोज आठ तास आणि वर्षाचे २५० दिवस धरले, तरी ८० युनिट. तेही रोज कडक ऊन पडलं आणि कुणी आठवणीनं बटण बंद केलं तर. तेव्हा वीजबिलाचं आमिष दाखवणाऱ्या विक्रेत्याला चहा पाजावा आणि वाटेला लावावं.

नळी बसवायची ती माणसांसाठी. शरीराचं घड्याळ दिवसाच्या उजेडावर चालतं. ढग आला की टेबलावरचा उजेड किंचित उतरतो, सरला की पुन्हा चढतो; आत बसलेल्या माणसाला बाहेरच्या दिवसाचा पत्ता लागतो. म्हणून पहिली नळी मधल्या रांगेवर हवी, स्वागतकक्षात शोभेला नको.

मर्यादाही आहेत. हा लाभ वरच्या मजल्याला. त्याखाली न्यायची तर मधल्या मजल्याची जागा जाते आणि नळी लांबते. एमआयडीसीतल्या बैठ्या कचेऱ्यांना मात्र ती छान जमते. स्लॅबला भोक पाडण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. तुळई आणि सळया कुठून गेल्यात ते नकाशावर बघा. भोकाभोवती सिमेंटचा उंच कठडा बांधून घ्या, नाहीतर पहिल्याच पावसात फायलींवर धार लागेल. घुमटावर धूळ बसते, कबुतरं बसतात. तो पुसायचं काम कुणाचं, हेही आधीच ठरवा. कारण बहुतेक कचेऱ्यांत गच्चीची किल्ली कुणाकडे असते, हेच कुणाला ठाऊक नसतं.