चाळीस जणींसाठी गरम चीजपाव



मेळावा किंवा प्रशिक्षण असलं की नाश्त्याची ऑर्डर बचत गटाकडे येते. वडापाव ठरला, तर दोघी-तिघी कढईपाशीच अडकतात. आत कार्यक्रम संपतो तरी त्या बाहेरच. पोहे करावेत, तर शेवटच्या ओळीला गार मिळतात. म्हणून आम्ही भाजलेला चीजपाव करतो. तयारी आधी होते, शेवटी फक्त भाजायचं.

परदेशात अशा पावात हॅम, म्हणजे डुकराचं खारवलेलं मांस, आणि चीज घालतात. आपल्या मेळाव्याला सगळ्या घरच्या बायका येतात, म्हणून आम्ही बटाट्याचं सारण घेतो. चीजच्या पाकिटावर हिरवा ठिपका बघून घ्या.

चाळीस जणींना दोन-दोन पाव धरले, तर ८० पाव लागतात. आठ पावांची लादी असेल, तर १० लाद्या. त्याला दीड किलो बटाटे, अर्धा किलो कांदा, अर्धा किलो मटार, ८०० ग्रॅम चीज आणि ३०० ग्रॅम लोणी पुरतं. हिरवी मिरची, आलं-लसूण, कोथिंबीर, मीठ अंदाजाने.

कांदा, मटार परतून त्यात उकडलेला बटाटा कुस्करून घाला. सारण कोरडं हवं. ते परातीत पसरून निवू द्या. गरम भरलं तर पावाला घाम सुटतो. पाव सुटे करू नका. अख्खी लादी आडवी कापा, वहीसारखी उघडा. आतून लोणी लावा, म्हणजे पाव ओला होत नाही. मग घट्ट चटणी, सारण, वर किसलेलं चीज. लादी मिटून वरून लोणी फिरवा.

गावात बेकरी असेल, तर मालकाशी आधी बोलून ठेवा. पावाची खेप निघाल्यावरही भट्टी तापलेली असते. झाकून दहा मिनिटं, मग उघडून दोन-तीन मिनिटं पुरतात. भट्टी नसेल, तर जाड लोखंडी तवा, मंद आंच आणि वर झाकण. खालून लाल झाली की ताटावर घेऊन लादी उलटा. वाढताना सुरीने पाव वेगळे करा.

एक गोष्ट कटाक्षाने पाळा. बटाट्याचं सारण सकाळी करून दुपारपर्यंत उघडं ठेवू नका. केल्यापासून दोन तासांत भाजून वाढा, उन्हाळ्यात त्याहून लवकर. एका जणीचं जरी पोट बिघडलं, तरी पुढची ऑर्डर गेली. खाद्यपदार्थ विकायला लहान गटालाही एफएसएसएआयची नोंदणी लागते. ती करून घ्या.

आता हिशेब. सामान, गॅस, बेकरीचे पैसे, रिक्षाभाडं आपण लिहितो. मजुरी मात्र लिहीत नाही, कारण ‘घरचंच काम’ म्हणतो. चौघींनी चार तास राबलं, तर ते सोळा तास झाले. त्याचे पैसे आधी मांडा, थोडा नफा धरा, सगळ्याला ८० ने भागा आणि मग भाव सांगा. समोरचा कमी करायला लावेल. तेव्हा चीज थोडं कमी करता येईल, मजुरी नाही.

आणि एक लादी मागे ठेवा, शेवटी भाजायला. करणाऱ्या बायकांनीही गरमच खायचं.