कल्हईचे कथील आणि पणजीच्या फरशा

(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली. भाषण करा म्हटल्यावर हातपाय गळाले. पण गेल्या दिवाळीत पणजीस भावाकडे गेले होते, तिथे पाहिलेले तेवढे सांगते.

तिथे मेनेझेस ब्रागांझा संस्थेच्या इमारतीत शिरताच भिंतीवर मोठमोठी निळी-पांढरी चित्रे आहेत. वास्को द गामाच्या सफरीवर कामोंइश कवीने महाकाव्य लिहिले, त्यातील ते प्रसंग. जॉर्ज कोलासो या पोर्तुगीज चित्रकाराचे हे १९३५ सालचे काम. जवळ गेले तेव्हा कळले, वितीपेक्षाही लहान फरशा जोडून चित्र केलेले आहे.

मी भाचीला विचारले, "माती तर तांबूस, मग एवढे पांढरे कशाने?"

ती म्हणाली, "आत्या, कथलाने."

मी चकितच झाले. कथील म्हणजे आपले कल्हईचे! कल्हईत ते धातू म्हणूनच भांड्याला बसते. इथे त्याचे भस्म काचेच्या लेपात मिसळतात, म्हणून मातीचा रंग झाकतो. एकदा भाजलेली फरशी त्या लेपात बुडवायची, वाळली की वर रंग काढायचा आणि पुन्हा भट्टीत घालायची. कोरडा लेप रंग लगेच पितो, चुकलेली रेघ पुसता येत नाही. रांगोळीसारखे बोटाने सारखे करून चालत नाही, बरे का!

इंग्लंडात लंडन, ब्रिस्टल, लिव्हरपूल येथेही अठराव्या शतकात अशा फरशा होत. जुन्या घरांत त्या शेकोटीभोवती बसवीत. काजळी धरली तरी फडक्याने निघे. आमच्या चुलीमागची भिंत मी दर सणाला पोतेऱ्याने सारवीत असे, ती आठवली.

आता खरे सांगते. गोव्यास जाण्यापूर्वी मी सासूबाईंची दोन तांब्याची पातेली मोडीत घातली होती. कल्हईवाला वर्षवर्ष फिरकत नाही, आणि स्टील घासायला सोपे. पितळी पातेले तेवढे राहिले होते, त्याचाही भाव ठरला होता. परत आल्यावर "ते राहू द्या," म्हणाले. घरात थोडी बोलाचाली झाली. कल्हईवाला शोधायला चार महिने लागले. त्याने पातेले तापवले, नवसागर टाकला, कापसाच्या बोळ्याने कथील फिरवले, आणि काळा तळ क्षणात पांढरा झाला. मी आयुष्यभर हे पाहत आले, पण त्या दिवशी उंबऱ्यावर बसून शेवटपर्यंत पाहिले.

त्याच पातेल्यात केलेली खीर आज आपल्या फराळाला आहे.