वारेसोबत येणारा पापुद्रा

तिकोणा पेठेसारख्या गडाच्या पायथ्याच्या गावांत बाळंतपणं घरीच व्हायची, तेव्हा बाळाची वार परसात पुरली जायची. त्या वारेला जोडूनच गर्भजलाची पिशवी येते. आज तिच्याविषयीच बोलायचंय.

या पिशवीचं आतलं अस्तर, म्हणजे अ‍ॅम्निऑन, कांद्याच्या पापुद्र्यासारखं पातळ आणि पारदर्शक असतं. त्यात रक्तवाहिन्या नाहीत की मज्जातंतू नाहीत. वर पेशींचा एकच थर, त्याखाली कोलॅजन आणि लॅमिनिन या प्रथिनांचं नाजूक पटल, मग कोलॅजनच्या धाग्यांची चिवट जाळी. पेशींच्या वाढीला चालना देणारी आणि दाह शमवणारी द्रव्यंही त्यातच असतात. म्हणूनच तो जखमेवर लावतात. भाजलेल्या जागी हा पापुद्रा पसरला की ओलावा टिकतो, ठणका कमी होतो आणि कडेच्या पेशींना पुढे सरकायला वाट मिळते. परकेपणाच्या खुणा त्यावर फार कमी, म्हणून शरीर सहसा त्याला झिडकारत नाही. मात्र तो कायमचा रुजत नाही. खोल भाजलं असेल तर रुग्णाची स्वतःचीच त्वचा लावावी लागते.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ पासून ऊतिपेढी, म्हणजे दान केलेल्या ऊती जपणारी पेढी आहे. तिथे आईच्या संमतीनं मिळालेली ही पिशवी, आईच्या रक्ताची एचआयव्ही आणि काविळीसाठी तपासणी करून, धुतली जाते, सुकवली जाते, गॅमा किरणांनी निर्जंतुक होते. असा सुका पापुद्रा शीतपेटीवाचूनही टिकतो. गावाकडच्या दवाखान्यांसाठी मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.