जुन्या वस्तऱ्याची धार

(माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील भाषण)



‘घरातील एक जुनी वस्तू’ या विषयावर प्रत्येकाने थोडे बोलावे असे संयोजकांनी सुचविले, तेव्हा कुणी अडकित्ता निवडला, कुणी पाणी तापविण्याचा बंब. मी वडिलांचा घडीचा वस्तरा निवडला. मुख्याध्यापिकेच्या हाती वस्तरा पाहून काही माजी विद्यार्थ्यांना जुनी भीती आठवली असेल, तर तिला माझा इलाज नाही. वडिलांचे वय आता चौऱ्याऐंशी आहे आणि त्यांचा हात कापतो. तरी त्याच वस्तऱ्याने एकदा दाढी व्हावी, ही त्यांची इच्छा होती. त्यामुळे तो कपाटात शोभेल इतका चकचकीत करून माझे काम संपणार नव्हते. त्याचे पाते एका वृद्ध माणसाच्या गळ्यावरून फिरणार होते.

पात्याच्या शेपटीवर ‘शेफील्ड, इंग्लंड’ अशी मोहोर आहे. अमेरिकेने १८९० च्या कायद्याने आयात मालावर मूळ देशाचे नाव असणे सक्तीचे केले. त्यामुळे देशाचे नाव कोरलेला वस्तरा बहुधा त्यानंतरचा समजतात. शेफील्डच्या पोलादाची कीर्ती बेंजामिन हंट्समनने १७४० च्या दशकात बसविलेल्या मुशीच्या पद्धतीपासून वाढली. आपल्या दख्खनमध्ये मुशीतले पोलाद त्याच्या कित्येक शतके आधी तयार होत होते, हे इतिहासाच्या तासाला मी आवर्जून सांगत असते.

जुना वस्तरा हाती आला की प्रथम भिंगाखाली पाहावा. पाठीवरचा गंज निघतो, पात्यावरचे काळे डागही बरेचसे पुसट होतात. परंतु धारेला आडवी चीर गेली असेल, तर तो वस्तरा निःसंकोच पेटीत ठेवून द्यावा. मूठ सेल्युलॉइडची असेल तर आणखी एक सावधगिरी हवी. जुने सेल्युलॉइड विघटित होऊ लागले की त्यातून आम्लयुक्त वाफ निघते आणि मिटलेल्या पात्याला तीच गंजविते. अशी मूठ बदलण्यावाचून गत्यंतर नसते. शिवाय ते झटकन पेट घेते, म्हणून देवघरातील निरांजनापासूनही दूर ठेवावे. आमच्या वस्तऱ्याची मूठ सुदैवाने शिंगाची निघाली. कोमट ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडी केली आणि तेलाचा हात दिला, एवढ्याने तिच्यात जीव आला.

हे सारे हातानेच का करावे? विजेच्या चाकावर पाच मिनिटांत चकाकी येते, पण पात्याची कडा कागदासारखी पातळ असते आणि घर्षणाने ती क्षणात तापते. पोलादाला दिलेले पाणी त्या उष्णतेने उतरते. कडेवर निळसर छटा दिसली, म्हणजे तेवढा भाग मऊ पडला असे समजावे. मग कोणत्याही दगडावर घासले तरी धार टिकत नाही. हाताने घासताना पाते बोटांनाच गरम लागते, आणि आपण थांबतो.

घासण्यापूर्वी जुनी धार दगडाच्या कडेवर हलकेच टेकवून बोथट करावी. त्याने बोटे वाचतात, आणि धार तर नव्याने काढायचीच असते. नंतर पाते लाकडाच्या ठोकळ्यावर सपाट टेकवून बाजारात वॉटर पेपर नावाने मिळणारा काळा कागद तेलात भिजवून फिरवावा: आधी ६०० क्रमांकाचा, मग १०००, मग २०००. मोहोरेला आणि सोनेरी नक्षीला कागद लावू नये. सोन्याचे पाणी दोन हातांत निघून जाते. डाग खोल असतील तर तेही राहू द्यावेत. सारे खड्डे घालविण्याच्या हव्यासात पाते झिजविणारे लोक मला म्हातारपणाच्या सुरकुत्या खरवडणाऱ्यांसारखे वाटतात.

धारेचे काम मात्र शांतपणे करावे. दगडावर पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी टेकतात, म्हणून कोन हाताला धरावा लागत नाही. तो पात्याच्या घडणीतच असतो. गणिताच्या शिक्षकांसाठी सांगते: पाठ ६ मिलिमीटर जाड आणि बाजू २० मिलिमीटर रुंद असेल, तर त्या समद्विभुज त्रिकोणाचा शिरःकोन सुमारे १७ अंश येतो. १००० क्रमांकाच्या दगडावर धारेचा उतार बसतो, पुढे ४००० आणि ८००० च्या दगडांवर तो गुळगुळीत होतो. धारेवर मार्करची शाई लावून एकच हात मारावा. जिथे शाई उरली, तिथे दगड पोचला नाही. हात अगदी हलका असावा. शेवटी चामड्याच्या ताणलेल्या पट्ट्यावर पाठ पुढे आणि धार मागे ठेवून पन्नास-साठ हात मारावेत. उलटायचे ते पाठीवरून. धारेवरून उलटले की पट्टाच कापला जातो.

पालकांनी विचारण्याआधीच सांगते, हे काम मुलांचे नव्हे.

या अवजाराला आपल्या समाजात एक मोठे पान आहे. विधवांचे केशवपन करणार नाही, असा निर्धार मुंबईच्या नाभिक बांधवांनी १८९० मध्ये सभा घेऊन केला. त्यामागे नारायण मेघाजी लोखंडे यांची प्रेरणा होती. ज्याची रोजची मिळकत त्या वस्तऱ्यावर, त्यानेच तो खाली ठेवला. समाजसुधारणेच्या धड्यांत या माणसांना दोन ओळीही मिळत नाहीत, ही माझी जुनी तक्रार आहे.

वडिलांची दाढी मी केली नाही. धार लावणे वेगळे आणि माणसाच्या गालावरून ती फिरविणे वेगळे, ती विद्या वर्षानुवर्षांची असते. आमच्याकडे येणाऱ्या नाभिकबुवांना मी वस्तरा दिला. संसर्गाच्या भीतीने ते हल्ली प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे अर्धे ब्लेड वापरतात. त्यामुळे हा वस्तरा एकाच माणसापुरता ठेवायचा, हे त्यांनी प्रथम बजावले. मग मनगटावरचा केस उडवून पाहिला, पट्ट्यावर आणखी दहा हात मारले आणि साबणाचा फेस दोनदा चढविला. हनुवटीखाली पाते आले तेव्हा खोलीत कुणी बोलले नाही. वडिलांनी डोळे मिटले होते. काम झाल्यावर त्यांनी उलटा हात गालावरून फिरविला आणि विचारले, “पुढच्या गुरुवारी येणार ना?”

वस्तरा पुसून, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब लावून ठेवला आहे. कार्यक्रमानंतर ज्यांना पाहायचा असेल त्यांनी जरूर पाहावा. फक्त तो उघडायचे काम माझ्याकडेच राहू द्यावे.