न ऐकू येणारे चिन्ह

आज मी इंग्रजीतल्या एका चिन्हाविषयी बोलणार आहे. पण ते आकाशवाणीवरून ऐकविण्याचा उपाय मात्र माझ्यापाशी नाही. अक्षरांच्या डोक्यावर चढून बसलेला तो स्वल्पविराम, म्हणजे अपॉस्ट्रॉफी, लिहिता येतो. उच्चारता येत नाही.

मागे एका परिचितांच्या मुलाने नोकरीसाठी लिहिलेला इंग्रजी अर्ज मला दाखविला. ‘आपली संस्था व तिचे कार्य’ असे त्याला म्हणावयाचे होते. त्यातल्या ‘इट्स’ शब्दात त्याने हे चिन्ह घातले, आणि ‘तिचे’ याच्या जागी ‘ती आहे’ असा अर्थ झाला. मी चूक दाखविताच त्याने विचारले, “‘राम्ज बुक’ म्हणजे रामाचे पुस्तक. तेथे चिन्ह चालते, मग येथे का नको?” प्रश्न रास्त होता. ‘नियमच तसा आहे’ एवढे सांगून त्याची बोळवण करणे मला बरे वाटले नाही.

‘सोऽहम्’ लिहिताना आपण अवग्रह घालतो. लुप्त झालेल्या ‘अ’ची ती खूण. अपॉस्ट्रॉफीचे मूळ कामही हेच. सोळाव्या शतकात फ्रेंचांचे पाहून इंग्रजांनी ती घेतली. ‘इट इज’मधला ‘आय’ गळाला, तेथे ती बसली. जुन्या इंग्रजीत पुष्कळ नामांच्या षष्ठीला ‘ईएस’ हा प्रत्यय लागे. त्यातला ‘ई’ गळाला, तेथेही तीच बसली. म्हणजे षष्ठीची ही खूणसुद्धा मुळात लोपाचीच!

म्हणून नामाच्या बाबतीत ‘राम्ज बुक’ आणि ‘राम्ज कमिंग’, म्हणजे ‘राम येत आहे’, या दोहोंत चिन्ह येते. पुरुषवाचक सर्वनामांची गोष्ट निराळी. ‘हिज’, ‘हर्ज’, ‘अवर्ज’ यांना षष्ठीसाठी चिन्ह लागत नाही. ‘इट्स’ त्याच पंगतीतला. पूर्वी मात्र त्यालाही ते लावीत. शेक्सपिअरच्या नाटकांच्या १६२३ सालच्या संग्रहात अशी उदाहरणे सापडतात. एकोणिसाव्या शतकात ती चाल मोडली. त्या मुलाची चूक, तेव्हा, अगदीच बिनकुळीची नव्हती.

कसोटी सोपी आहे. शब्द सोडवून ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ असे वाचावे. अर्थ जुळला तर चिन्ह घालावे. न जुळल्यास घालू नये. ‘हूज’ शब्दालाही हीच कसोटी लावावी.

त्या मुलाने वाक्य सोडवून वाचले, स्वतःशीच हसला आणि चिन्ह खोडले. येथे कानाची साक्ष उपयोगी पडत नाही. अर्थालाच विचारावे लागते.