थंडीची पहाट आणि हायब्रिड मोटार

पौष महिन्यांतील पहाट. पुणें-सोलापूर रस्त्यावर उसानें लादलेले ट्रॅक्टर कारखान्याच्या वाटेस लागलेले असतात, भांडगावच्या शिवारावर धुक्याचा पातळ पडदा असतो, आणि अंगणांत रात्रभर उभ्या असलेल्या मोटारीच्या कांचेवर दंव सांचलेलें असतें. अशा वेळीं एखादा बागायतदार आपली नवी हायब्रिड मोटार चालूं करतो. ही गाडी विजेवर निघते व आवाज करीत नाहीं, असें त्यास विक्रेत्यानें सांगितलेलें असतें. पण आज कळ दाबल्यावर थोड्याच वेळांत एंजिन घरघरूं लागतें, आणि गाडी जागची हलली नसतांहि तें चालूंच राहतें. महिनाअखेर हिशेब पाहावा, तों पेट्रोलचा खर्च वाढलेला. उसाच्या बिलांतून जादा पैसे मोजून घेतलेल्या गाडीनें असा दगा द्यावा, हें त्याच्या मनास लागतें. गाडींत दोष आहे काय? बहुधा नसतो. परंतु कारण न समजल्यास दुरुस्तीच्या नांवाखालीं नाहक खर्च मात्र होऊं शकतो.

हायब्रिड हा शब्द शेतकऱ्यास ज्वारीच्या बियाण्यामुळें परिचयाचा आहे. दोन वाणांचे गुण एकत्र आणणें, हाच त्याचा येथेंहि अर्थ. या मोटारींत पेट्रोलचें एंजिन व विजेची मोटर अशीं दोन बळें असतात. कल्पना जुनीच आहे. फर्डिनांड पोर्श यानें १९०० सालींच अशी गाडी बनविली होती. पण सामान्य गिऱ्हाइकापर्यंत ती पोंचली, ती १९९७ च्या डिसेंबरांत जपानांत निघालेल्या टोयोटा प्रियस गाडीमुळें. आपल्याकडे २०२२ पासून मारुतीची ग्रँड व्हिटारा आणि टोयोटाची इनोव्हा हायक्रॉस यांसारख्या गाड्यांमुळें ती गांवोगांवीं दिसूं लागली.

या गाडीची काटकसर कशांत आहे, हें प्रथम पाहिलें पाहिजे. साध्या गाडीचा चालक ब्रेक दाबतो, तेव्हां गाडीचा वेग उष्णतेच्या रूपानें वायां जातो. हायब्रिड गाडींत मोटर उलट जनित्राचें काम करते व त्या वेगाची वीज करून बॅटरींत सांठविते. भुलेश्वराचा घाट उतरतांना हें चांगलें अनुभवास येतें. पुढें हीच वीज सावकाश चालींत किंवा चौकांतील खोळंब्यांत उपयोगी पडते आणि एंजिन तेवढा वेळ मुकाट बसतें. म्हणजे या गाडीची बचत एंजिनाच्या मौनांत आहे. थंडी नेमकें हेंच मौन मोडते.

तें कसें? रात्रभर गारठलेल्या एंजिनांतील तेल दाट होतें व घर्षण वाढतें. थंड पेट्रोलची वाफ नीट होत नाहीं, म्हणून प्रारंभीं तें अधिक सोडावें लागतें. धुरांतील विषारी वायु निवारणारें कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नांवाचें उपकरण तर शेंकडों अंश तापल्याखेरीज कामास लागत नाहीं. म्हणून गाडींतील नियंत्रक यंत्रणा वीज शिल्लक असली तरी एंजिन चालूं ठेवून हीं सर्व अंगें तापवून घेते. त्यांतच कोणीं आंतील ऊब देणारा हीटर लावला, तर ती ऊब एंजिनाच्याच गरम पाण्यांतून येते. अर्थात् एंजिनास विसांवा मिळत नाहीं. बॅटरी निकेलची असो वा लिथियमची, कडक थंडींत तिच्यांतील रासायनिक क्रिया मंदावते. ती वीज देतेहि कमी आणि घेतेहि कमी; त्यामुळें ब्रेक दाबून मिळणारी कमाईहि घटते.

अमेरिकेच्या ऊर्जाखात्यानें याचा अंदाज दिला आहे. हवा २५ अंश सेल्सियसवरून उणें ७ अंशांवर उतरली, म्हणजे शहरांतील प्रवासांत साध्या पेट्रोल गाडीचें मायलेज सुमारें १५ टक्क्यांनीं घटतें, तर हायब्रिडचें सुमारें ३० ते ३४ टक्क्यांनीं. हें वाचून कोणी म्हणेल, मग साधी गाडीच बरी! पण हिशेब पुरता करावा. समजा, उबदार हवेंत साधी गाडी एका लिटरांत १४ किलोमीटर जाते आणि हायब्रिड २२. वरील मानानें घट धरल्यास पहिली १२ वर येईल आणि दुसरी १५ च्या आसपास. हायब्रिड तेव्हांहि पुढेंच राहते; मात्र ८ किलोमीटरांची आघाडी ३ वर येते. मिनेसोटा किंवा टोरांटो येथें राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हिवाळ्यांत हा अनुभव येणें साहजिक आहे.

भांडगावची गोष्ट निराळी. पुण्यांत १७ जानेवारी १९३५ रोजीं पारा १.७ अंशांपर्यंत उतरला होता, पण ती विक्रमी थंडी. एरवीं पहाटे दहा-बारा अंश आणि दुपारीं तीसच्या घरांत, असें इकडील हिवाळ्याचें मान असतें. एवढ्या थंडीनें बॅटरी फारशी जेर होत नाहीं आणि हीटरहि क्वचितच लागतो. अमेरिकेंतील एक तृतीयांश घट येथें लागूं करणें म्हणजे शेजारच्या घरच्या आजारासाठीं आपण औषध घेण्यासारखें आहे. इकडे जो तोटा होतो, तो मुख्यतः पहिल्या कांहीं किलोमीटरांत होतो.

म्हणून खरा प्रश्न पाऱ्यापेक्षां प्रवासाचा आहे. भांडगावाहून सुमारें पन्नास किलोमीटरांवरील पुण्यास जाणाऱ्यास एंजिन तापविण्याचा खर्च साऱ्या वाटेवर विभागून जातो. पण सकाळीं मुलांना शाळेंत पोंचवून परत, दोन-तीन तासांनीं यवतच्या बाजारांत आणि परत, सायंकाळीं चौफुल्याला, अशा तुटक फेऱ्यांत एंजिन दर वेळीं निवतें व दर वेळीं नव्यानें तापवावें लागतें. बहुतेक फेऱ्या अशाच असतील, तर जादा किंमत पेट्रोलच्या बचतींतून वसूल होण्यास बराच काळ लागेल, हें गाडी घेण्यापूर्वींच जाणावें.

ज्यांनीं गाडी घेतली आहे, त्यांच्याहि हातीं बरेंच आहे. कामें एका फेरींत जुळवावीं. एंजिन तापावें म्हणून गाडी दारांत उभी ठेवून घरघरत ठेवूं नये. लगेच निघून पहिले दोन-तीन किलोमीटर हळू चालविल्यास तें लवकर तापतें. रात्रीं गाडी आडोशास ठेवावी. चाकांतील हवा पहाटे, गाडी चालविण्यापूर्वीं, मोजावी. कारण दुपारच्या ३० अंशांत ३३ पौंड भरलेली हवा पहाटेच्या १० अंशांत सुमारें ३ पौंडांनीं उतरते, आणि नरम चाक इंधन अधिक खातें. वातावरणांतील हवाहि तेवढ्याच फरकानें सुमारें ७ टक्के दाट होते आणि महामार्गावर धांवत्या गाडीस अधिक अडविते. तिच्यावर उपाय एकच, वेग आवरणें.

शेवटीं परीक्षा कशी करावी, तेंहि सांगणें अवश्य आहे. चार किलोमीटरांच्या फेरीनंतर समोरच्या पडद्यावर दिसणाऱ्या आंकड्यावरून निर्णय करूं नये. टांकी पूर्ण भरावी, किलोमीटर टिपावेत, पुनः पूर्ण भरावी; असें तीन-चार वेळां करून सरासरी काढावी, आणि डिसेंबरची सरासरी एप्रिलच्या सरासरीशीं ताडून पाहावी. उन्हाळ्यांत गारव्याचें यंत्रहि आपला वांटा घेतेंच, तेव्हां वर्षाचा ताळेबंद वर्षानेंच मांडावा. दुपारच्या उबेंत आणि लांबच्या वाटेवरहि मायलेज सुधारत नसेल, तरच गाडी कारागिराकडे न्यावी. पहाटेची घरघर हा मात्र आजार नव्हे. गारठलेला बैल जूं मानेवर घेण्यापूर्वीं अंग झाडतो, तशांतलाच तो प्रकार आहे.