प्लेटवरचे वलय आणि रुग्णाची जखम



सह्याद्री करवीरनगरीपासून हाकेच्या अंतरावर आहे, आणि वनस्पती नीट ओळखून, वाळवून, नाव लावून जपण्याची परंपरा इथल्या शिवाजी विद्यापीठाने सांभाळली आहे. ओळख चुकली तर पुढचा सगळा प्रयोग वाया जातो, म्हणून याचा उल्लेख आधी केला.

मी शल्यचिकित्सक. मधुमेहींचे पाय, भाजलेल्या जखमा, शस्त्रक्रियेनंतर धरलेला पू, यांतच माझी उमेदीची वर्षे गेली. पुवाच्या तपासणीत स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि स्यूडोमोनास पुन्हा पुन्हा सापडतात, आणि एकामागून एक प्रतिजैविके निकामी ठरल्याचा अहवाल हाती येतो. म्हणून वनस्पतींच्या अर्कांतून जंतुनाशक शोधणाऱ्या तुम्हा संशोधकांच्या कामाकडे मी फार आशेने पाहतो.

विळा लागला की शेतातला माणूस एकदांडीचा पाला चुरगळून लावतो. हे तण मूळचे अमेरिकेतले, तरी आपल्या लोकांनी त्याचा गुण हेरला. हळदीचे तर सर्वांना ठाऊक आहे. जखमेवर हळद वापरण्याचे पेटंट अमेरिकेत १९९५ साली दिले गेले, डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने जुन्या ग्रंथांचे पुरावे देऊन १९९७ मध्ये ते रद्द करवले. ज्ञान आपले, हे तिथे ठरले. हळद कोणत्या जंतूवर, किती मात्रेत चालते, हे अजून तुम्हाला ठरवायचे आहे.

इथे माझा आग्रह आहे. जंतू वाढवलेल्या अगारवर अर्काभोवती मोकळे वलय दिसले की आनंद होतो, पण अर्क अगारमध्ये किती पसरतो यावरही त्या वलयाची रुंदी ठरते. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, मग ते पसरणार कसे? तेव्हा वलयावर न थांबता एमआयसी, म्हणजे जंतूची वाढ रोखणारी किमान मात्रा, काढा. मेथॅनॉल किंवा डीएमएसओ या नुसत्या द्रावकाने जंतू मरत नाहीत ना, तेही तपासा. आणि जी मात्रा जंतूला मारते ती त्वचेच्या पेशींना सोसते का, हे पाहिल्याशिवाय मी ते औषध रुग्णाला लावू शकत नाही.

दारुहळदीतले बर्बेरिन मला विलक्षण वाटते. स्टॅफिलोकॉकस ते पंपासारख्या प्रथिनाने पेशीबाहेर फेकतो. २००० साली संशोधकांनी दाखवले, की तो पंप अडवणारा पदार्थ दारुहळदीच्याच कुळातल्या झुडपांत असतो. नुसते बर्बेरिन वेगळे काढले तर ही जोडी तुटते. म्हणून घटक शुद्ध करतानाही मूळ अर्क टाकून देऊ नका.

अपेक्षित परिणाम न दिसलेल्या अर्कांसाठीही आम्ही या परिषदेच्या पोस्टर सत्रात जागा राखली आहे. ते निष्कर्ष संकोच न करता लावा. आमच्या शल्यविभागाचे डॉक्टर सभागृहात आहेत. प्रयोगशाळेतल्या प्रमाणित संदर्भ जंतूंवरचे काम ज्यांचे झाले आहे, त्यांनी प्रत्यक्ष जखमांतले जंतू मिळवण्यासाठी आजच या डॉक्टरांना भेटावे; नीतिसमितीची परवानगी आणि रुग्णांची संमती घेण्यात आम्ही सोबत राहू.